बेसची जागा

भावजयीचा फोन आला तेव्हा ताई एका व्यायामशाळेत शिडीवर उभी होती. दातांत दोन स्क्रू, खांद्यावर वायरीचं वेटोळं, आणि खाली व्यायामशाळेचा मालक. स्पीकर जरा डावीकडे हवा होता, नाही, मघाशी होता तसाच बरा होता, असा त्याचा घोळ चालला होता. खिशातला फोन थरथरला. ताईने नाव वाचलं आणि तो तसाच वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा स्क्रू तोंडातून काढून उचलला. जवळजवळ वर्षभराने त्या दोघी बोलत होत्या.

भावजयीने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. क्लबातला बेस, गाण्यातला तो खालचा खोल ठोका, नीट नाही म्हणाली. नाचायच्या जागेत मधोमध उभं राहिलं की छातीत दणके बसतात, आणि दोन पावलं बाजूला सरकलं की काही लागतच नाही. बारपाशी नुसता कलकलाट. वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर दोनदा येऊन भांडून गेलाय. दोन माणसं बघून गेली, दोघांनी दोन वेगळे उपाय सांगितले.

"तुम्ही येऊन बघाल का?" ती म्हणाली. "नात्यातल्या म्हणून नाही बोलवत. कामाचं म्हणून बोलवतेय."

ताई उद्या दुपारी येते म्हणाली. मग तिने फोन खिशात टाकला आणि स्पीकर पुन्हा डावीकडे सरकवला.

ताईची पन्नाशी उलटून गेली होती. सभागृहं, हॉटेलं, शाळांचे हॉल, असल्या ठिकाणी आवाज बसवण्यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. घरात ती ताई होतीच, पण धंद्यातही सगळे तिला ताईच म्हणत, तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. हल्ली गुडघे बोलायला लागले होते. संध्याकाळी डाव्या कानात बारीक शिट्टी सुरू व्हायची ती झोप लागेपर्यंत चालायची. पूर्वी दमणं यायचं आणि एका रात्रीच्या झोपेने जायचं. आता ते मुक्कामालाच येऊन राहिलं होतं.

तो क्लब तिच्या पाठच्या भावाने काढलेला. त्याला सगळे धाकटा म्हणत. लहानपणापासून धाकट्याला जे हवं ते सगळ्यात मोठं हवं असायचं. क्लब काढला तेव्हाही बेसचे सबवूफर त्याने बहिणीला न विचारता आणले, आणि तिला बोलावलं ते बसवून झाल्यावर. कपाटाएवढी दोन काळी खोकी, समोरच्या दोन कोपऱ्यांत एकेक. कशी आहेत, त्याने विचारलं. मोठी आहेत, ताई म्हणाली. त्याला ती शाबासकी वाटली.

गेल्या वर्षी धाकट्याने घर, बायको, मुलगी आणि क्लब, सगळंच एका दमात सोडलं आणि दुसऱ्या एका बाईबरोबर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायला गेला. जाताना क्लब आतल्या सामानासकट बायकोच्या नावावर करून गेला. एवढं करून आपण फार मोठं मन दाखवलं, असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं. ताई तेव्हापासून भावजयीकडे गेली नव्हती. जाऊन बोलायचं काय? भावाची बाजू घ्यायची नव्हती. त्याला नावं ठेवायला जावं, तर ती ऐकून भावजयीच्या पदरात काय पडणार होतं? आज जाऊ, उद्या जाऊ, करता करता महिने लोटले, आणि जितके लोटले तितकं जाणं अवघड होत गेलं.

क्लब एका जुन्या तीन मजली इमारतीच्या तळघरात होता. दुपारच्या वेळी तिथे सगळे दिवे पेटवले की तो क्लब वाटतच नसे. सांडलेल्या बिअरचा आंबूस वास, चपलेला चिकटणारी फरशी, टेबलांवर उलट्या टाकलेल्या खुर्च्या, आणि रात्री चमकणाऱ्या भिंतींवर ओलीचे पोपडे. भावजय जिन्याच्या तळाशी उभी होती. ती वाळली होती. केस कापून आखूड केले होते. बरं दिसतंय, असं म्हणावंसं ताईला वाटलं, पण जीभ उचलली नाही. तिने पिशवी खाली ठेवली आणि खोक्यांकडे बघितलं.

एक ठोक्याचं संगीत लावायला सांगून ताई खोलीभर चालली. हळूहळू, भिंतीला धरून, मग आडवी, मग तिरपी. मध्येच डोळे मिटून उभी राही. भावजय सांगत होती त्यात तिळमात्र खोट नव्हती. दोन टोकांना दोन खोकी असली की दोघांचे धक्के मधोमध एकाच वेळी येऊन पोचतात, म्हणून तिथे दणका. जरा बाजूला सरकलं की एकाचा धक्का आधी येतो आणि दुसऱ्याचा मागून, आणि दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. त्यात कोपऱ्यातल्या भिंती आवाज आणखी फुगवतात. उजवीकडचं खोकं तर एका जाडजूड खांबाला टेकवून ठेवलेलं होतं, आणि तो खांब सरळ वर गेलेला.

म्हणून ती वर गेली. डॉक्टरच्या खुर्चीत एक बाई आ वासून बसली होती. डॉक्टर हातातलं अवजार न ठेवताच बोलायला लागला. तोल सुटणारा माणूस नव्हता तो, फक्त वैतागलेला होता. संध्याकाळी आपण दात कोरत असतो आणि खालून हादरे येतात, मग पेशंटला वाटतं डॉक्टरचाच हात थरथरतोय, असं त्याचं म्हणणं. ताईने भिंतीला तळवा लावला. खालचा ठोका स्पष्ट हाताला लागत होता, आणि कपाटातल्या काचेच्या बाटल्या एकमेकींशी कुजबुजत होत्या.

काय करायला हवं ते तिला जिना उतरतानाच कळलं होतं. ही दोन्ही खोकी इथून जायला हवीत. इतका खोल सूर या बुटक्या खोलीत मावतच नाही. नाचणाऱ्याच्या पायाला लागायच्या आधी तो डॉक्टरच्या बाटल्यांना लागतो. आकारही असा आडमुठा, की कोपरा सोडून ती कुठे बसणार नाहीत. त्याऐवजी लहान खोकी आणायची, चारेक, आणि सगळी एकाच जागी एकत्र ठेवायची. तरी ती तेव्हा एवढंच म्हणाली, की एकदा विचार करते, उद्या सांगते. अवजड सामान काढून टाका असं कुणाला सांगण्याआधी एक रात्र मध्ये जाऊ द्यायची तिची जुनी सवय.

घरी पोचून तिने पाय बादलीतल्या गरम पाण्यात सोडले आणि धाकट्याचा फोन आला. वर्षभरात त्याने फोन केले नव्हते असं नाही, पण त्यातले बहुतेक दोन मिनिटांचे. आज त्याने तिचे गुडघे विचारले. भावोजी कसे आहेत विचारलं. आई गेली त्यानंतर आपल्याला असं हक्काने बोलायला तूच आहेस, म्हणाला. ताई पाण्यात पाय हलवत राहिली.

मग मुद्दा आला. तू क्लबात जाऊन आलीस ते कळलं, तो म्हणाला, डीजेने सांगितलं. तो तिकडे नवीन जागा घेत होता. जुन्यापेक्षा झकास क्लब काढणार होता. त्याला ती दोन खोकी हवी होती, तशी आता मिळत नाहीत. पण त्याने मागितली तर बायको मुद्दाम देणार नाही. तेव्हा ताईने ती तिथे चालत नाहीत असं सांगावं, मग एक त्याच्या ओळखीचा माणूस भंगारात घेतल्यासारखी घेऊन जाईल, कुणाला काही कळायचं कारण नाही.

"आणि ती तिथे चालत नाहीतच ना?" धाकटा म्हणाला. "तू तसंही हेच सांगणार होतीस. मी काय तुला खोटं बोलायला सांगतोय?"

बघते, एवढंच ती म्हणाली, आणि त्याने ते होकारासारखं घेतलं. त्याचं ऐकणं असंच होतं.

तिचा नवरा शेजारच्या खोलीत एका शिवणयंत्राचं पोट उघडून बसला होता. यंत्रं दुरुस्त करणं हाच त्याचा उद्योग. तिने त्याला सगळं सांगितलं. तो हातातला तुकडा पुसत राहिला.

"तुझा भाऊ गोड बोलायला लागला की मी आधी पाकीट चाचपतो," तो म्हणाला. पुढे काय करावं ते मात्र त्याने सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

ताईचा पेच साधा होता आणि म्हणूनच चीड आणणारा. खरं तेच सांगितलं तरी ते धाकट्याच्या पथ्यावर पडणार. उद्या ना परवा ती खोकी त्याच्या नव्या क्लबात दिसली की भावजय म्हणणार, बहीण-भावाने मिळून मला गंडवलं. आणि खोकी राहू दे म्हणावं, तर क्लब असाच कुबडा चालणार. धाकट्याच्या फोनचं भावजयीला सांगून टाकावं, तर ते पुन्हा मध्ये पडणं झालं. आईने आयुष्यभर तिला एकच वाक्य ऐकवलं होतं: तू मोठी ना, तूच समजून घे. समजून घेऊन घेऊन ताईचा जीव विटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबात जाऊन तिने जे केलं त्याचं तिचं तिलाच नंतर हसू आलं. तिने त्याच खोक्यांना जागेवर आणायचा चंग बांधला. बारवाला मदतीला होता. दणकट, कमी बोलणारा, चाळिशीतला गडी. दोघांनी मिळून उजवं खोकं खांबापासून सोडवलं. दोन्ही खोकी समोरच्या भिंतीपाशी शेजारी शेजारी आणली, तर नाचायची जागा निम्मी झाली. आडवी पाडली, तर डीजेच्या चौथऱ्याची पायरी अडली. मागच्या भिंतीला नेली, तर बाहेर पडायच्या दाराची वाट बंद. एक पुढे एक मागे करून बघितलं, तेव्हा मधला दणका गेला खरा, पण ठोका संपता संपेना. एक विरायच्या आत दुसरा येऊन त्याच्यावर बसायचा आणि सगळ्याचा गिचका व्हायचा. तिने जाड रबराचे तुकडे खाली सरकवले. आवाजातले सगळ्यात खोल सूर कापून बघितले. बारवाला दर वेळी विचारायचा, आता कुठे, आणि ताई एक बोट दाखवायची.

दुपार झाली तेव्हा तिच्या कमरेत उसण भरली होती, आणि ती त्याच आडव्या पडलेल्या खोक्यावर बसली होती. बारवाला पाणी आणायला गेला. भावजय इतका वेळ काउंटरपाशी ग्लास पुसत होती ती येऊन समोर उभी राहिली.

"ताई, तुम्हाला हे जमत नाहीये," ती म्हणाली, "की तुम्हाला काही सांगायचं नाहीये?"

ताईने सांगून टाकलं. मागचं-पुढचं न लपवता, धाकट्याच्या शब्दांसकट, आणि आपण बघते म्हणालो त्याच्यासकट. ही खोकी जायलाच हवीत, हे आपलं मत त्याचा फोन यायच्या आधीचं आहे, हेही सांगितलं. पण ते सांगताना तिचं तिलाच ते लंगडं वाटलं. सगळ्यात शेवटी ती म्हणाली, की आता तू विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस, माझ्यात अजून ओढाताण करायचं त्राण नाही.

भावजयीने फडकं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकलं. मग शांतपणे म्हणाली, "त्यांचं मला काही वाटत नाही. ते तसेच आहेत. पण तुम्ही वर्षभर आला नाहीत. मला वाटलं, तुम्हालाही त्यांचंच पटलं."

"पटलं नव्हतं गं. तुझ्यापुढे यायला तोंड नव्हतं."

"तोंड लपवायचं तर त्यांनी. तुम्ही का?" भावजयीने फडकं खांद्यावरून ओढलं. "माझी मुलगी विचारायची, आत्या का येत नाही. मी काय सांगायचं होतं तिला?"

बारवाला पाणी घेऊन जिन्यात आला, दोघींचे चेहरे बघितले, आणि तसाच पाठमोरा वर गेला.

आज तुम्ही जा, भावजय म्हणाली. रागाने म्हणाली नाही. तिला एकटीला बसायचं होतं. ताईने पट्ट्या, दोऱ्या, रबराचे तुकडे पिशवीत भरले. जिना चढताना तिने दोनदा कठड्याला धरलं.

पुढचे काही दिवस फोन आला नाही. ताईने व्यायामशाळेचं काम उरकलं. मालकाने शेवटी स्पीकर उजवीकडेच ठेवला. काम गेलं, बहुतेक माणूसही गेलं, असं धरून ती चालली होती, आणि तसं धरून चालल्यावर, तिला कबूल करायला नको वाटे, पण थोडं हलकंही वाटत होतं. मग एका सकाळी ती अजून अंथरुणात असताना भावजयीचा फोन आला.

"तुमच्या मते कुठली खोकी बसतील, ती घेऊन या," ती म्हणाली. "विकत नको. आधी ऐकू दे."

ताईच्या ओळखीचा एक दुकानदार होता. त्याच्याकडून तिने दोन वेगळ्या जातींचं एकेक खोकं मागून आणलं. दुकानदाराचा कल मोठ्याकडे होता. माणसाला बघूनच धडकी भरली पाहिजे, असं तो म्हणायचा. ताईने भावजयीला क्लबात पाठमोरी उभी करून तेच एक गाणं आधी एका खोक्यावर, मग दुसऱ्यावर ऐकवलं, आणि कुठलं काय ते सांगितलं नाही. पहिल्याचा आवाज खोल जायचा, पण मागे शेपूट राहायचं. दुसऱ्याचा तितका खोल नव्हता. पण ठोका पडायचा आणि संपायचा, दार लावल्यासारखा. भावजयीने दोनदा ऐकलं, खाली वाकून पायाच्या अंगठ्याने ताल धरून बघितला, आणि दुसरं म्हणाली. ते लहान होतं. तशी चार घ्यायची ठरली.

"आता ठेवायची कुठे?" भावजयीने विचारलं.

ते शोधायची रीत ताईने तिला सांगितली तेव्हा आधी तिला वाटलं चेष्टा आहे. खोकं ठेवायचं माणसांच्या जागी, नाचायच्या फरशीच्या मध्यावर. आणि माणसाने जायचं जिथे जिथे खोकं ठेवता येईल तिथे, भिंतीच्या कडेकडेने, कान खोक्याच्या उंचीला आणून. जिथे बेस भरीव आणि स्वच्छ लागेल, ती खोक्याची जागा. कान त्या उंचीला आणायचा म्हणजे रांगायचंच.

ताईने गुडघ्यांवर दोन जुन्या उशा बांधल्या आणि खाली बसली. अर्धी भिंत जाईपर्यंत तिचा एक गुडघा दुखायला लागला आणि ती भिंतीला टेकून तशीच बसून राहिली. भावजयीने तिच्या गुडघ्यांवरच्या उशा सोडवल्या, स्वतःला बांधल्या, आणि पुढे रांगू लागली.

"इथे?" ती विचारायची.

"तूच सांग. पोटात लागतंय की नुसतं कानात?"

"कानात."

"मग पुढे चल."

चिकट फरशीवरून भावजय तळवे उचलत उचलत पुढे जात होती आणि वैतागून पुटपुटत होती, की आज रात्री ही फरशी मी स्वतः उभी राहून पुसून घेणार आहे. ताईला राहवलं नाही. तीही तिच्या मागून सरकत निघाली. नेमका तेव्हा बारवाला बाटल्यांचा क्रेट घेऊन आला. मालकीण आणि तिची नणंद, दोघी मिटलेल्या डोळ्यांनी भिंतीच्या कडेने एकामागून एक रांगताहेत, हे त्याने बघितलं. क्रेट त्याने अलगद खाली ठेवला, चौकशी केली नाही, आणि निघून गेला. आधी भावजय हसली. मग ताई इतकी हसली की तिच्या कमरेतली उसण पुन्हा जागी झाली.

जागा सापडली ती डाव्या भिंतीच्या मध्यावर, लांबलचक सोफ्याच्या मागे. भावजयीने तिथे जाऊन डोकं भिंतीला लावलं आणि म्हणाली, इथे. ताईने ऐकलं. इथेच होती. फक्त तो सोफा खास गिऱ्हाइकांचा होता. आठवड्यातून दोनदा येणारी, सगळ्यात महाग बाटल्या मागवणारी मंडळी तिथेच बसायची आणि तिथेच बसायचा हट्ट धरायची. भावजय सोफ्याच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. ताईने तिला घाई केली नाही, सल्लाही दिला नाही.

"त्यांना बारच्या पलीकडे बसवते," शेवटी भावजय म्हणाली. "रुसली तर रुसू देत. त्यांच्या बाटल्यांपायी नाचायला येणाऱ्यांनी काय नुसता कलकलाट ऐकायचा?"

चार खोकी आली, एकाला एक लावून त्या भिंतीच्या मध्यावर बसली, खांबापासून लांब, खाली जाड रबर. डीजे कुरकुरला. गाणं समोरून आणि बेस बाजूने, हे कसलं, म्हणाला. ताईने त्याला डोळे मिटायला लावले, दोनदा गोल फिरवलं, आणि बेस कुठून येतोय ते बोट करून दाखवायला सांगितलं. त्याने मोठ्या ठामपणे बारवाल्याकडे बोट केलं. ताईने समोरच्या स्पीकरांशी खोक्यांची वेळ जुळवली, म्हणजे दोन्हींचा आवाज एकदमच पोचेल, आवाजाला एक मर्यादा घातली, आणि ती मर्यादा बदलायचा गुप्त आकडा फक्त भावजयीला सांगितला. डीजेने ते बघितलं आणि मान फिरवली. धाकट्याला बातमी कुणी दिली होती ते दोघींनाही ठाऊक होतं, पण त्याला कुणी बोललं नाही.

संध्याकाळी क्लब उघडायच्या आधी त्यांनी डॉक्टरला खाली बोलावलं. तो आला नाही. त्याच्याकडे पेशंट होता. म्हणून भावजय वर गेली. परत येऊन म्हणाली, बाटल्या गप्प आहेत, पण भिंतीला कान लावला तर ठोका कळतो. तो कळणारच, ताई म्हणाली, तळघरातून बेस पुरता पुसणारं अजून कुणी जन्माला आलं नाही. तेव्हा भावजयीने डॉक्टरशी ठरवून टाकलं, की त्याचा शेवटचा पेशंट जाईपर्यंत खाली आवाज चढवायचा नाही. ते त्याला पटलं. अधूनमधून तो कुरकुर करतच राहिला, पण भांडायला पुन्हा आला नाही.

उरली ती दोन मोठी खोकी. ती दाराशी उभी होती आणि येणाराजाणारा त्यांना अडखळत होता. भंगाराच्या नावाने एक माणूस खरोखरच विचारायला आला. भावजयीने त्याला कोणी पाठवलंय एवढं विचारलं, आणि तो पायांकडे बघायला लागला. तिने त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. ताईने उघड्या मैदानांवर कार्यक्रमांना सामान पुरवणाऱ्या एकाचा पत्ता दिला. त्या खोक्यांची खरी जागा तीच, जिथे वर छत नाही आणि शेजारी डॉक्टर नाही. तो टेम्पो घेऊन आला आणि खुशीत गेला.

धाकट्याला हे कळलं त्याच दिवशी त्याचा फोन आला. ताई तेव्हा एका शाळेच्या हॉलमध्ये वायर ओढत होती. ती बाकावर बसली आणि तिने ऐकून घेतलं. तू परकी झालीस, तो म्हणाला. रक्ताच्या माणसाला सोडून तू तिला धरलंस. आई असती तर काय म्हणाली असती, हेही आलं. आई काय म्हणाली असती ते ताईला पक्कं माहीत होतं. तू मोठी ना, तूच समजून घे. त्याचं बोलून होईपर्यंत ती थांबली.

"तुझ्या नव्या जागेची मापं पाठव," ती म्हणाली. "लांबी, रुंदी, उंची, खांब कुठे आहेत ते. तिथे कुठली खोकी बसतील ते सांगेन. तिच्याकडे माझ्या हातून काही मागू नकोस. आणि माझ्याकडून तिची काही खबरही काढू नकोस."

त्याने फोन ठेवला. ताईला वाटलं होतं आता रडू येईल. पण आली ती जांभई, डोळ्यांत पाणी आणणारी, एकामागून एक. मग उठून तिने उरलेली वायर ओढली.

मापं आली, पण बऱ्याच दिवसांनी, आणि आगापिछा काही न लिहिता नुसतीच आली. छत भावजयीच्या तळघराहूनही बुटकं होतं. ती मोठी खोकी तिथे दारातूनच आत गेली नसती. ताईने दोन ओळींत काय घ्यावं ते कळवलं. धाकट्याने ते घेतलं की नाही, हे तिने कधी विचारलं नाही.

रविवारी भावजयीने तिला घरी जेवायला बोलावलं. तिने नवऱ्याला शिवणयंत्रातून उठवलं आणि दोघं गेली. भाची दारातच उभी होती. वर्षात ती आईएवढी उंच झाली होती. आत्या, तू जाड झालीस, ती म्हणाली, आणि ताईने तिच्या पाठीत एक धपाटा घातला. भावजय स्वयंपाकघरात होती, तिथून म्हणाली, बसा, आलेच. ताई बैठकीतल्या आरामखुर्चीत बसली. पलीकडे नवरा भाचीला विचारत होता, की तुमच्याकडे शिवणयंत्र आहे का, आणि भाची हसत होती. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. ताईने, जरा पाठ टेकू, म्हणून पाठ टेकली.

जेवण मांडून भावजय बाहेर आली तेव्हा ताईला गाढ झोप लागली होती, तोंड जरासं उघडं, एक हात मांडीवर आणि एक खाली लोंबत. नवरा तिला हलवायला उठला. भावजयीने त्याला हातानेच थांबवलं, आणि ताटं झाकून ठेवली.